पोलादाच्या गावातून पुरातत्त्वाकडे

बारावीचा निकाल लागला की भिलाईच्या सेक्टर २ मधल्या मराठी घरांत जी चर्चा रंगते, तिच्यात पुरातत्त्वाचे नाव सहसा निघत नाही. निघालेच तर एखाद्या मुलीच्या तोंडून दबकत निघते आणि त्यावर घरातल्या मोठ्यांचा ठरलेला प्रश्न येतो, "पण त्यात नोकरी कुठे असते?" प्रश्न रास्त आहे. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी सुरू झाली. त्या सुमारास आणि त्यानंतर विदर्भातून, खानदेशातून माणसे इथे आली ती नोकरीसाठीच. क्वार्टर, शाळा, सेक्टर ९ चा दवाखाना, सगळे नोकरीच्या अंगाने मिळाले. अशा घरांनी मुलांच्या पोटापाण्याची काळजी आधी करावी, यात गैर काही नाही. मात्र या प्रश्नाचे उत्तर 'कुठेच नसते' असे देऊन विषय मिटवला जातो, ते मला पटत नाही. नोकऱ्या कमी आहेत, हे खरे. पण त्या कोणत्या, का कमी, त्यांच्यापर्यंत कोण पोहोचते आणि पोलादाच्या गावात वाढलेल्या मुलाजवळ या क्षेत्राला हवे असलेले काय असते, हे सगळे नीट मांडून पाहिले तर चित्र बरेच वेगळे दिसते.

आधी एक गोष्ट लक्षात घेऊ. छत्तीसगडच्या जमिनीत दडलेला इतिहास उजेडात आणणाऱ्यांत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी हे मूळचे कोकणातले, देवगड तालुक्यातल्या कुवळ्याचे. नागपुरात संस्कृत शिकवता शिकवता ते कोरीव लेखांकडे वळले. कलचुरी-चेदी संवताच्या लेखांचा त्यांनी सिद्ध केलेला ग्रंथ १९५५ साली भारत सरकारच्या कोरीव लेखांच्या मालेत निघाला. रतनपूरच्या कलचुरींवर आजही कोणी काम करायला बसला तर त्याला पहिल्यांदा मिराशी उघडावे लागतात. वाकाटकांच्या लेखांचा त्यांचा खंड १९६३ चा. त्यांच्याआधी रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या लेखांची सूची १९१६ साली छापली होती. हिरालाल सरकारी अधिकारी होते, मिराशी संस्कृतचे प्राध्यापक. पुरातत्त्वाची पदवी दोघांकडेही नव्हती.

दुसरे नाव मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांचे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीचे उत्खनन त्यांनी पुरातत्त्वज्ञ डॉ. सांकलियांबरोबर केले होते. पुढे सागर विद्यापीठात असताना आणि नंतर तेव्हाच्या मध्य प्रदेश शासनासाठी त्यांनी १९५३ ते १९५६ या काळात सिरपूर खणले. म्हणजे भिलाईच्या कारखान्याचा करार होत होता, तेव्हाच इथून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर महानदीकाठी एक मराठी संशोधक आनंदप्रभू नावाच्या भिक्षूने बांधलेला विहार मातीतून मोकळा करत होता. सिरपूरचे विटांचे लक्ष्मण मंदिर आपल्यापैकी अनेकांनी सहलीत पाहिलेले असते. ते सातव्या शतकात वासटा राणीने दिवंगत पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ बांधवले. ती महाशिवगुप्त बालार्जुन राजाची आई. मंदिर मुळात विष्णूचे. हे सगळे आपल्याला ठाऊक आहे ते देवळाच्या ढिगाऱ्यात सापडलेल्या एका शिलालेखामुळे आणि तो अक्षर अक्षर लावून वाचणाऱ्यांमुळे. फावडे आणि लिपी अशी दोन्ही अंगे इथे एकत्र आली. २००० नंतर सिरपूरचे उत्खनन पुन्हा जोमाने झाले ते अरुणकुमार शर्मा यांच्या देखरेखीखाली. ते रायपूर भागातले, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणात आयुष्य घालवलेले. २०१७ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

आता भिलाईच्या अगदी जवळ येऊ. पॉवर हाउस स्टेशनहून रायपूरकडे जाणारी लोकल पकडली की थोड्याच वेळात देवबलोदा लागते. इथले कलचुरी काळातले शिवमंदिर सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. महाशिवरात्रीला तिथे जत्रा भरते आणि अर्धी भिलाई जाऊन येते. देवळाला शिखर नाही. का नाही, याची लोककथा गावात कोणीही सांगेल: कारागीर रात्रीच्या वेळी विवस्त्र होऊन काम करायचा, बायको जेवण घेऊन यायची, एक दिवस तिच्या जागी बहीण आली आणि लाजेने त्याने शेजारच्या कुंडात उडी घेतली. कथा गोड आहे, तिची नोंद जरूर ठेवावी. पण ज्याला या वाटेने जायचे आहे त्याने जत्रा नसलेल्या दिवशी टेप आणि आलेखाचा कागद घेऊन तिथे जावे. मंडपाच्या खांबांमधली अंतरे मोजावीत. बाहेरच्या भिंतीवरचे शिल्पपट्ट कुठल्या थरात सुरू होतात, कुठे तुटतात, कुठला दगड नंतर बसवलेला वाटतो, हे पाहून कागदावर उतरवावे. पहिल्या खेपेला माप चुकते, दुसऱ्यांदा उभा छेद जमत नाही, तिसऱ्यांदा मात्र डोळा तयार व्हायला लागतो. शिखर अर्धवट राहिले की पडले, हा प्रश्न कथेने सुटत नाही. माथ्यावरच्या दगडांची रचना बघूनच त्याबद्दल काही बोलता येते. दोन तास असे घालवून कंटाळा आला नाही तर मुलाने हा विषय घ्यावा. कंटाळा आला तर तेही वेळेत कळलेले बरे.

दुर्ग जिल्ह्यातच पाटण तालुक्यात खारून नदीच्या काठावर तरीघाट आहे. राज्याच्या पुरातत्त्व विभागाने २०१२-१३ पासून तिथली टेकाडे खणली. नाणी, मणी, घरांचे अवशेष असा प्राचीन व्यापारी वस्तीचा ऐवज तिथे मिळाला. बालोदजवळ कारकाभाट इथे महापाषाणयुगीन दफनांचा विस्तीर्ण परिसर आहे. शेताच्या कडेला उभे असलेले दगड आणि दगडांच्या राशी पाहून वाटसरूला काही कळत नाही, पण ती थडगी आहेत. अशा जागा दल्लीराजहराला जाणाऱ्या-येणाऱ्यांच्या वाटेच्या आसपास पसरलेल्या आहेत. रायपूरचे महंत घासीदास संग्रहालय १८७५ पासूनचे, तिथे सिरपूरची धातुशिल्पे आहेत. एका शाळकरी मुलाला विषयाची ओळख व्हायला याहून जास्त काय हवे?

विषय आवडणे आणि काम आवडणे यात मात्र अंतर आहे, आणि ते मुलांना आधीच सांगायला हवे. उत्खननाचा हंगाम हिवाळ्यात असतो. तंबूत राहायचे, पहाटे उठून साइटवर जायचे. जमीन दोऱ्यांनी चौकोनांत आखलेली असते. प्रत्येक चौकोन म्हणजे एक ट्रेंच, दोन ट्रेंचमध्ये मातीची भिंत राखून ठेवलेली. त्या भिंतीवर मातीचे थर दिसतात: राखेचा काळपट, पडक्या भिंतीच्या चिखलाचा पिवळसर, पुराने आणलेल्या वाळूचा फिकट. थरांच्या सीमा खुरपीच्या टोकाने कोरून, प्रत्येकाला क्रमांक देऊन, मापात चित्र काढायचे. वरच्या थरातून खणलेला खड्डा खालच्या थरात घुसलेला असेल आणि तो ओळखू आला नाही, तर हजार वर्षांच्या अंतराच्या वस्तू एकाच पिशवीत जातात आणि मग तो सगळा ऐवज शास्त्राच्या दृष्टीने निकामी होतो. दुपारनंतर खापरे धुणे. शेकडो, हजारो खापरे. काठाचे तुकडे वेगळे, रंगवलेले वेगळे, वाळली की प्रत्येकावर बारीक अक्षरात साइटचे नाव, ट्रेंच आणि थर. सोन्याचे नाणे एखाद्याच्याच नशिबी येते, खापरे मात्र सगळ्यांच्याच.

आणि खणणे हा कामाचा लहान भाग. पुणे जिल्ह्यात शिरूरजवळ घोड नदीकाठचे इनामगाव डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ असे खणले. सांकलिया, झैनुद्दीन अन्सारी आणि म. के. ढवळीकर यांचे ते काम. त्याचा अहवाल १९८८ मध्ये बाहेर आला. ताम्रपाषाणयुगातला शेतकरी काय पेरत होता, मेलेल्या मुलाला रांजणात ठेवून घरातच कसा पुरत होता, दुष्काळ वाढला तसे त्याचे घर चौकोनीचे गोल आणि लहान कसे झाले, हे महाराष्ट्राला त्या अहवालामुळे कळले. एवढा धीर ज्याच्या स्वभावात नाही, त्याने हौस म्हणून हा विषय जरूर ठेवावा, व्यवसाय म्हणून धरू नये.

शिक्षणाच्या वाटा थोडक्यात सांगतो, कारण त्या फारशा अवघड नाहीत. पदवी कुठल्याही शाखेची चालते आणि विज्ञानाची असली तर बिघडत तर नाहीच, फायदाच होतो. खरा विषय पदव्युत्तर पातळीवर सुरू होतो. रायपूरच्या पंडित रविशंकर शुक्ल विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती आणि पुरातत्त्वाचा विभाग आहे. तसाच विभाग खैरागढच्या इंदिरा कला संगीत विद्यापीठात आहे. आपल्याकडे खैरागढ म्हटले की लोकांना गाणे आणि नाच आठवतो, हा विभाग कुणाच्या ध्यानात येत नाही. नागपूर विद्यापीठाच्या विभागाला शां. भा. देव आणि अजयमित्र शास्त्री यांची परंपरा आहे. आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज. १९३९ साली संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले, १९९० पासून अभिमत विद्यापीठ. प्राण्यांची हाडे, जळके धान्य, माणसांचे सांगाडे, दगडी हत्यारे अशा एकेका साधनावर तिथे स्वतंत्र प्रयोगशाळेत काम चालते, ही तिथली खरी श्रीमंती. एमएनंतर सर्वेक्षणाच्या ग्रेटर नोएडातल्या पंडित दीनदयाळ उपाध्याय संस्थेत दोन वर्षांची पदविका करता येते. जागा जेमतेम पंधरा, त्यामुळे चुरस जबरदस्त. माझे मत विचाराल तर घरची ऐपत असेल तर पुणे, नसेल तर रायपूर किंवा खैरागढ. मात्र त्या दोन वर्षांत कुठल्या ना कुठल्या उत्खननात एक पूर्ण हंगाम काढलाच पाहिजे. मातीत हात न घालता मिळवलेली एमए पुढे फार उपयोगी पडत नाही.

आता तो मूळ प्रश्न. नोकऱ्या कमी का? याचे कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसते. ब्रिटनमध्ये १९९० नंतर बांधकामाची परवानगी देताना जागेखाली काही पुरातन आहे का याचा विचार करणे हा नियोजनाचा भाग झाला आणि तपासणीचा खर्च बांधकाम करणाऱ्यावर आला. अमेरिकेत १९६६ च्या कायद्याने केंद्र सरकारच्या प्रकल्पांवर तशीच जबाबदारी टाकली. परिणामी तिथले बहुसंख्य पुरातत्त्वज्ञ खासगी कंपन्यांत काम करतात. आपल्याकडे संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि पुढच्या २०० मीटरवर नियंत्रण आहे; त्यापलीकडे खाण उघडताना, रस्ता किंवा कारखाना उभारताना जमिनीखालचे आधी तपासावे असे सरसकट बंधन नाही. नागार्जुनकोंड्यासारखी धरणाआधीची मोठी बचाव मोहीम झाली ती सरकारने मनावर घेतले म्हणून. तेव्हा भारतात या विषयाचा जवळजवळ एकच मालक आहे, सरकार. त्याने जाहिरात काढली तर जागा, नाही तर वाट बघणे. हा दोष विषयाचा नाही, विद्यार्थ्यांचाही नाही. असे बंधन कायद्यात यावे म्हणून बोलले पाहिजे. छत्तीसगडसारख्या खाणींच्या राज्यात तर नक्कीच.

सरकारी शिडी अशी: केंद्रीय लोकसेवा आयोगामार्फत उपअधीक्षक पुरातत्त्वज्ञ, सातव्या वेतन आयोगाच्या दहाव्या स्तरावर, म्हणजे मूळ पगार ५६,१०० रुपयांपासून. इतर वर्ग एकच्या नोकऱ्यांइतकाच. त्याखाली सहायक पदे, राज्यांच्या पुरातत्त्व संचालनालयांतली पदे, संग्रहालयांचे अभिरक्षक. शिकवण्याकडे कल असेल तर पुरातत्त्व विषयाची नेट. कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, त्यात पीएचडीची पहिली वर्षे नीट निघतात. आपल्या मुलांसाठी नागपूर हे जवळचे मोठे केंद्र आहे. सर्वेक्षणाची पहिली उत्खनन शाखा, प्रागितिहास शाखा आणि अरबी-फारसी लेखांची शाखा तिन्ही तिथे आहेत, दुर्गहून गाडीने चार-पाच तासांवर. पण जाहिराती दरवर्षी निघत नाहीत. मधल्या काळात कंत्राटी कामे मिळतात, ती हंगामापुरती. पंचविशी ते तिशीचा काळ असा ताणाचा जातो. घरच्यांनी ही पाच वर्षे डोळ्यांसमोर ठेवूनच हो किंवा नाही म्हणावे.

म्हणूनच या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्याकडे दुसरे एखादे कौशल्य हवेच, असे माझे ठाम मत झाले आहे. आणि इथेच भिलाईच्या मुलाचे पारडे जड आहे. एकोणीसशे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस नागपूर जिल्ह्यात नायकुंड इथे शां. भा. देव आणि अरविंद जामखेडकर यांनी महापाषाणयुगीन वस्ती खणली, तेव्हा तिथे लोखंड गाळण्याची भट्टी मिळाली. सुमारे पावणेतीन हजार वर्षांपूर्वीची. वाकवलेल्या मातीच्या विटांनी रचलेली गोल भट्टी, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि शेजारी लोहमळी. ही भट्टी आहे हे उत्खनन करणारा ओळखू शकतो. ती किती तापत होती, खनिजातून लोखंड किती सुटत होते आणि मळीबरोबर किती वाया जात होते, हे सांगायला रसायन जाणणारा माणूस लागतो. डेक्कन कॉलेजचे वि. द. गोगटे यांनी ते काम केले. ब्लास्ट फर्नेसच्या गप्पा ज्याने जेवणाच्या ताटावर ऐकल्या, स्लॅग, ट्यूअर हे शब्द ज्याच्या घरात रोजचे आहेत, त्याला नायकुंडचा अहवाल परका वाटणार नाही. तिथेही हवाच फुंकायची होती, फक्त कातड्याच्या भात्याने.

कानपूरच्या आयआयटीतले आर. बालसुब्रमण्यम धातुशास्त्राचे प्राध्यापक होते. दिल्लीचा सहा टनांहून जड लोहस्तंभ सोळाशे वर्षे का गंजला नाही, यावर त्यांनी वर्षानुवर्षे काम केले. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त, त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरतो, हे त्यांनी दाखवले. कारखान्यातल्या गंजाचा अभ्यास आणि गुप्तकाळातल्या लोहाराचा अभ्यास इथे एकच झाला. गांधीनगरच्या आयआयटीत आज पुरातत्त्वीय विज्ञानाचे स्वतंत्र केंद्र आहे. म्हणजे 'इंजिनिअरिंग की पुरातत्त्व' अशी निवड करायलाच हवी असे नाही. धातुशास्त्राची पदवी घेऊन या दारातून आत जाता येते आणि तिथे गर्दीही कमी आहे. मैकलच्या डोंगरांत अगरिया लोक परवापरवापर्यंत मातीच्या भट्टीत लोखंड गाळत. व्हेरियर एल्विनने १९४२ साली त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यांच्या जुन्या भट्ट्यांची मळी आणि महापाषाणयुगीन मळी शेजारी ठेवून तपासणारा संशोधक भिलाईतून निघाला तर ते किती स्वाभाविक ठरेल! आपला कारखाना ज्या दल्लीराजहराच्या खनिजावर चालतो, त्याचा माग जमशेदजींचे चिरंजीव दोराबजी टाटा यांना नागपूरच्या संग्रहालयातल्या एका भूगर्भीय नकाशावरून लागला होता, ही गोष्ट तर कारखान्याच्या प्रत्येक शाळेत सांगायला हवी.

दुसरे कौशल्य धातूचेच असावे असे नाही. ड्रोनने मोजणी, उपग्रहाच्या छायाचित्रांवरून नकाशे, वास्तूंचे जतन, यांना आज मागणी आहे. मराठी घरातल्या मुलाला आणखी एक सोय आहे, मोडी लिपी. नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगडवर अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८५४ पर्यंत या ना त्या रूपाने होता. बिंबाजी भोसले रतनपुरात राहून कारभार पाहत, तिथले रामटेकडीचे मंदिर त्यांनीच बांधले. त्या काळातला मराठी कागद वाचायला मोडी लागते आणि छत्तीसगडी बोलीही समजणारा मोडी-वाचक दुर्मीळ असतो. सेक्टरच्या मुलाच्या घरात मराठी, शाळेत हिंदी, मैदानावर छत्तीसगडी. गावात जाऊन म्हाताऱ्या माणसाला 'इथे जुने टेकाड कुठे आहे' असे त्याच्याच बोलीत विचारता येणे, ही सर्वेक्षणातली निम्मी कमाई आहे.

मुलीला तंबूत कसे पाठवायचे, असाही प्रश्न असतो. उघड विचारला जात नाही इतकेच. १९४० च्या दशकात इरावती कर्वे सांकलियांबरोबर गुजरातेत लांघणजच्या उत्खननात होत्या. शोभना गोखले यांनी कान्हेरीचे लेख वाचले. देबला मित्रा १९८१ साली सर्वेक्षणाच्या महासंचालक झाल्या. विद्यापीठांच्या आजच्या उत्खनन शिबिरांत मुलींची संख्या भरपूर असते. राहण्याची, स्वच्छतागृहांची सोय साइटगणिक वेगळी असते, तेवढे आधी विचारून घ्यावे आणि सोय नसेल तर ती मागावी. मागण्यात संकोच कसला?

नोकरी न करताही या विषयात मोलाचे काम करता येते. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनमधल्या कामाने ओळखले जाणारे विष्णू श्रीधर वाकणकर मुळात चित्रकार. १९५७ साली त्यांनी भीमबेटकाची चित्रे शोधली. कोकणात सुधीर रिसबूड हे विद्युत अभियंते. त्यांनी आणि सहकाऱ्यांनी रत्नागिरीच्या सड्यांवर पायपीट करून कातळशिल्पे नोंदवली आणि २०२२ साली ती युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. प्लँटमधली शिफ्ट सांभाळून रविवारी गावे पालथी घालणारा माणूस हेच करू शकतो. फक्त एक पथ्य कडक पाळावे: नोंद करावी, फोटो घ्यावा, जागा कळवावी, खणू नये, उचलून घरी आणू नये. परवान्याशिवाय उत्खनन करता येत नाही आणि जमिनीत सापडलेल्या मौल्यवान ऐवजाची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे १८७८ च्या कायद्यापासून बंधनकारक आहे.

यंदा बारावीत असलेल्या आणि हा विषय मनात असलेल्या मुलाने काय करावे, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, विज्ञान सोडू नकोस. रसायन, भूगर्भशास्त्र किंवा धातुशास्त्रात पदवी घे. त्या तीन-चार वर्षांत ब्राह्मी आणि मोडी या लिप्या शिक, संस्कृत जमेल तेवढे वाच, दर हिवाळ्यात रायपूरच्या संचालनालयात जाऊन कुठे उत्खनन चालू आहे आणि स्वयंसेवक घेतात का ते विचार. देवबलोद्याचा आराखडा स्वतः काढ. मग एमएच्या प्रवेश परीक्षेला बस. तोवर आवड टिकली असेल तर घरच्यांनी अडवू नये, आणि टिकली नसेल तर हातात चालणारी पदवी आहेच. तरीघाटच्या टेकाडांचा मोठा भाग अजून खणायचा आहे, आणि दुर्ग-बालोदच्या महापाषाणांची गावोगावची मोजणी करायला माणसे हवी आहेत.